रुमाल टाकून धरलेली जागा

दिल्ली, २४ ऑक्टोबर १९८६

प्रिय सूर्यकांत,

सप्रेम नमस्कार. विनंती या खेपेला खरोखरच विशेष आहे, म्हणून ती शेवटी लिहितो. आधी लिहिली तर तेवढीच वाचून तू पत्र मिटशील.

तू गेल्यापासून विभागात तुझी आठवण रोज निघते. तुझ्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, या संदर्भात. मला माहीत नाही असं मी सांगतो. ती माझ्या टेबलाच्या खणात आहे.

दसऱ्याच्या सुटीनंतरची पहिली बैठक परवा झाली. तुझी खुर्ची तिच्या जागी होती, दाराजवळ, भिंतीला टेकून. हेडसाहेब आत येता येता म्हणाले, "ये एक्स्ट्रा चेयर हटवा दीजिए, आने-जाने में लगती है." इतकी वर्षं तू तिच्यावर बसलास तेव्हा ती कोणालाच लागली नव्हती. मी मधल्या रांगेतून उठलो आणि जाऊन तिच्यावर बसलो. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसा मी स्वतःलाच टाकला. ही रीत इथल्या लोकांनाही ठाऊक आहे, पण विद्यापीठाच्या रीडरचाही रुमाल होऊ शकतो हे त्यांना सुचलं नाही. पंख्याचा वारा मला सोसत नसेल असं त्यांनी ठरवून टाकलं.

तिथे बसल्यावर कळलं, चहा दारापर्यंत येईतो गार होतो, आणि बिस्किटांच्या ताटलीत नुसता चुरा उरतो. तू कधी बोलला नाहीस. लग्नाला बोलावलं तर मानाच्या जागी बसू नये, शेवटच्या जागी बसावं, म्हणजे यजमान येऊन म्हणेल, मित्रा, वर ये. तुझ्या शुभवर्तमानातला हा दृष्टांत इतर लोक वाचतात, तू तो पाळलास. मी चिडवायचो, की ही तर वर जाण्याचीच आडवाट झाली. तू म्हणायचास, "श्रीरंगा, यजमान आला नाही तरी बसायचंच असतं."

विभागाच्या ऑगस्टमधल्या सुवर्णमहोत्सवाबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण दोघांच्याही मनात तेच असताना हवापाण्याबद्दल काय लिहू? पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीला तुझ्या नावाची चिठ्ठी डकवली होती. तू कोटाला इस्त्री करून आणली होतीस. मी मागच्या रांगेत होतो. तुझी मान मला एरवीपेक्षा दोन बोटं उंच दिसली. मग कुठल्याशा सचिवांचे मेहुणे सहकुटुंब आले. संयोजक तुझ्या कानाशी वाकून म्हणाला, "सर, आप ज़रा पीछे हो जाइए. आप तो अपने ही हैं." तू उठलास. दाराजवळच्या खुर्चीपाशी आलास, तर तिच्यावर फोटोग्राफरची पिशवी. ती उचल म्हणायलाही तू थांबला नाहीस. थेट नगर जिल्हाच गाठलास.

आता विनंती. तुझी बिनपगारी रजा ३१ मार्चला संपते. तोवर येऊन रुजू झाला नाहीस, तर पद मोकळं धरतील आणि आपला पेपर बंद होईल. तोपर्यंत धर्मग्रंथांच्या तौलनिक अभ्यासातला तुझा अर्धा भाग मी शिकवतो. उपनिषदांचा अर्धा माझा होताच. पाठशाळेत शेंडी राखून वाढलेला माणूस बायबल कसं शिकवतो, ही गंमत बघायला तरी ये.

तुझा,
श्रीरंग


दिल्ली, २३ नोव्हेंबर १९८६

प्रिय सूर्यकांत,

उत्तर नाही. आमच्याकडे मौनाला सर्व अर्थ साधून देणारं साधन म्हणतात. ते म्हणणारे पोस्टमनची वाट बघत नसावेत.

आपल्या पेपरला जुलैत तीन विद्यार्थी होते. एकाला बँकेत नोकरी लागली. दुसऱ्याने "सर, स्कोरिंग नहीं है" एवढं कारण सांगून इतिहास घेतला. हे कारण प्रामाणिक असल्याने मी त्याला आशीर्वाद दिला. उरली गिरिजा. सुभेदार मल्हारी जगतापांची मुलगी, कॅन्टोन्मेंटमधून दोन बस बदलून येते. तुला आठवत असेल, पहिल्या बाकावर बसून खाली मान घालून लिहायची. मी तिला विचारलं, "हा पेपर का घेतलास?" म्हणाली, "सर, दुपारचा आहे ना. सकाळची बस मिळत नाही." तुझ्या शास्त्रात मासे धरता धरता माणसं शिष्य झाली. तेव्हा बस चुकल्यामुळे झाली तर हरकत नसावी.

मी तिला कोल्ह्यांना बिळं आहेत, पाखरांना घरटी आहेत, पण मनुष्याच्या पुत्राला डोकं टेकायला जागा नाही, तो भाग शिकवत होतो. ग्रीक मूळ काय आहे ते मला येत नाही, म्हणून आवाज थोडा मोठा ठेवला होता. ती मध्येच म्हणाली, "बिल्कुल आमच्यासारखं आहे सर. दर तीन वर्षांनी क्वार्टर बदलतं. आई भिंतीला खिळाच मारत नाही. म्हणते, काढायचाच आहे तर कशाला."

सूर्यकांत, यावर तू तास दीड तास बोलला असतास. मी पुढचं वचन वाचलं.

त्यानंतर आम्ही त्या शेवटच्या जागेच्या दृष्टांताकडे आलो. तिने विचारलं, आणि तिचेच शब्द लिहितो, "सर, यजमान आलाच नाही, तर मागे बसलेला माणूस नम्र की नुसताच मागे बसलेला?"

मी सांगितलं, हा प्रश्न उजागरे सरांचा आहे, ते आल्यावर विचार. तिने वहीत 'उजागरे सर' असं लिहून पुढे रेघ सोडली.

माझी एक दाढ गेल्या आठवड्यात पडली. दात, केस, नखं आणि माणसं जागेवरून सुटली की शोभत नाहीत, असं आम्हाला लहानपणी पाठ करायला लावत. दाढ तरी मी टाकून दिली. तुझं काय करायचं ते सांग.

श्रीरंग


दिल्ली, २६ डिसेंबर १९८६

प्रिय सूर्यकांत,

नाताळाला येशील अशी आशा धरून मी विद्यापीठाच्या अतिथिगृहात खोली मागायला गेलो होतो. होस्टेलमधली तुझी खोली नव्या वॉर्डनला दिली, हे तुला कळलं असेलच. नसेल तर आत्ता कळलं. माझ्या घरी तू उतरत नाहीस, कारण प्रमोदिनी तुला आग्रहाने वाढते. काउंटरवरच्या बाबूने रजिस्टर न उघडताच मान हलवली. "फुल है जी." मी म्हणालो, "बड़े दिन पर आप लोगों की ये पुरानी आदत है." तो म्हणाला, "कौन सी आदत?" मी म्हणालो, "कुछ नहीं." पहिल्या नाताळच्या भरलेल्या धर्मशाळेवरचे असे विनोद तुझ्याशिवाय वाया जातात.

तू येणार नव्हतासच. खोली मिळाली असती तर माझीच पंचाईत झाली असती.

काल संध्याकाळी प्रमोदिनी आणि मी तुझ्या चर्चमध्ये जाऊन आलो. तिने केक केला होता. तो तिथल्या मुलांना वाटला. तुमच्या पाळकांनी तुझी चौकशी केली. मी म्हणालो, बरा आहे. मला कसं माहीत, ते त्यांनी विचारलं नाही.

येताना बसमध्ये प्रमोदिनी म्हणाली, "अहो, एक सांगू? सूर्यकांतभाऊजी रागावलेले नाहीत. रागावलेला माणूस निदान पत्र फाडून परत पाठवतो."

मी म्हटलं, "मग काय झालंय त्याला?"

"झालंय काय, काहीच नाही. तेच तर."

ती मंत्रालयात आस्थापना विभागात आहे. माणसं नोकरीवरून आधी मनाने जातात आणि कागद नंतर जातो, हे तिने पुष्कळ पाहिलंय. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

हेडसाहेब हल्ली माझ्याशी फार गोड बोलतात. परवा स्वतः उठून दारापर्यंत सोडायला आले. कारण कळलं की लिहीन.

नाताळच्या शुभेच्छा उशिरा.

श्रीरंग


दिल्ली, १९ जानेवारी १९८७

प्रिय सूर्यकांत,

काल मराठी मंडळाची बस पानिपतला काला अंबच्या स्मारकाला गेली होती. दरवर्षी तू नसायचास, तेव्हा यंदाही तुझी उणीव भासली नाही, असं लिहिणार होतो. पण भासली. आपल्या पराभवाला पुरी-भाजीचे डबे घेऊन सहलीने जाणारे जगात आपणच असू. बायकांनी तिळगूळ वाटला. एका निवृत्त अधिकाऱ्यांनी भाषण केलं, लढाई आपण जवळजवळ जिंकली होती असं. गेल्या वर्षीपेक्षा यंदा थोडी अधिक जिंकली होती.

कॅन्टोन्मेंटमधली मंडळी त्यांच्या ट्रकने आली होती. त्यांत गिरिजाचे वडील भेटले. उंच, राकट माणूस, मफलर कानांवरून. रामराम झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, पोरगी रोज घरी येऊन त्या ख्रिस्ती शास्त्राचं सांगती. तिची आई म्हणती, धरम बदलती का काय. मी म्हनलं, गप. ज्ञान हाय ते."

मी म्हटलं, "तसं काही नाही सुभेदार, मीच शिकवतोय."

"तेच की. तुम्ही हायसा म्हनून घोर नाही." मग म्हणाले, "पन पुढं काय? ह्या विषयात कुठं लागंल का ती?"

सूर्यकांत, मी विद्यापीठात जन्म काढला. धर्म, दर्शन, मोक्ष यांवर मी तासभर सरळ बोलू शकतो. त्या उघड्या मैदानात मात्र मी काय म्हणालो? "बघू." सुभेदारांनी मान डोलावली. फौजेत हा शब्द वरून आला की त्याचा अर्थ काय होतो, ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

"ते दुसरं सर येनार हायेत म्हनं," ते म्हणाले. "ती वाट बघती."

मी हो म्हणालो.

परतताना बसमध्ये गिरिजा माझ्यामागे बसली होती. वडिलांना विचारून आमच्या बसने आली. कर्नाल रोडवर धुकं उतरलं होतं, ड्रायव्हर बैलगाडीच्या वेगाने चालला होता. ती म्हणाली, "सर, इथे एवढी माणसं आली होती लढायला, आणि बरोबर बायका, यात्रेकरू पण. त्यांना माहीत होतं का, परत कुठे जायचं?" मी म्हणालो, तुझ्या पेपरात अब्राहाम आहे, तो कुठे जायचं ते ठाऊक नसताना निघाला. ती म्हणाली, "हो सर, पण त्याला कोणीतरी बोलावलं होतं."

तुझी विद्यार्थिनी आहे. माझ्याकडे एवढी खोडकर निघाली नसती.

ये रे. आता चेष्टा नाही.

श्रीरंग


दिल्ली, २२ फेब्रुवारी १९८७

प्रिय सूर्यकांत,

सुमित्राताईंचं पत्र आलं. धाकट्या बहिणीने भावाच्या वतीने लिहावं लागावं, इतका तू काही मोठा माणूस नाहीस. पण त्यांनी लिहिलं, आणि सगळं लिहिलं.

त्या म्हणतात, तू मिशनच्या शाळेत चौथीला गणित शिकवतोस. ग्रीक पुस्तकांची पेटी आणलीस ती अजून दोरीसकट पडून आहे. माझी पत्रं येतात तशी वाचतोस आणि उशीखाली ठेवतोस. गिरिजाचा प्रश्न होता ते पत्र वाचून हसलास, मग बराच वेळ अंगणात उभा राहिलास. शाळेचं छप्पर गळतं, पोरं येत नाहीत, तूही कशाने खूश आहेस असं दिसत नाही. पण परत जायचं नाव काढलं की उठून जातोस.

शेवटी त्या लिहितात, "इथल्या मिशनच्या देवळात खुर्च्या नाहीत. सगळे सतरंजीवर बसतात. दादा म्हणतो, इथं बरं, इथं मागे-पुढे काही नसतं."

हे वाक्य मी पुष्कळदा वाचलं. आमची सगळी न्यायशास्त्रं खुर्ची गृहीत धरतात.

आता हेडसाहेबांच्या गोड बोलण्याचं कारण. ते मला डिसेंबरातच कळलं होतं. लिहिलं नाही, कारण तू येशील आणि ते लिहिण्याची गरजच उरणार नाही असं मला वाटत होतं. तू ३१ मार्चपर्यंत आला नाहीस तर तुझं पद संस्कृतला द्यायचं ठरतंय. ग्रंथविद्येचा नवा विभाग, त्याचा प्रमुख मी. प्रस्ताव मीच मांडावा, म्हणजे, त्यांच्या भाषेत, "कोई ऐसा न कहे कि बाहर से थोपा गया." तुझी विभागातली खोली, जिन्याजवळची, तीही मला.

मी नाही म्हणालो. ते हसले. "श्रीरंगजी, आप नहीं लेंगे तो कॉमर्स ले जाएगा. फिर वहाँ न आपका वेद रहेगा, न उनकी बाइबल." यात खोटं काही नाही. हीच तर अडचण आहे.

प्रमोदिनीला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "त्यांच्या खुर्चीवर बसून तुमची पाठ धरली, रोज तेल चोळते मी. जागा धरणारा शेवटी गाडीतून कुठे जातो, ठाऊक आहे? गाडी जाईल तिकडे."

महिना आहे अजून. एका तारेने काम होईल: येतो. एवढंच. भाड्याचं मी बघतो. स्टेशनवर मी उभा राहीन, तुझी पेटी मी उचलेन, आणि कुठल्याही सुवर्णमहोत्सवाला तुला पहिल्या रांगेत बसवणार नाही असं लिहून देतो. दाराजवळ आणखी एक खुर्ची घालू. दोघं मिळून गार चहा पिऊ.

श्रीरंग


दिल्ली, २९ मार्च १९८७

सूर्यकांत,

उद्या आणि परवा दिवसभर मी विभागातच आहे. संध्याकाळी ऑफिस बंद होईपर्यंत बसेन. तू आलास तर कुठे शोधायचं ते तुला माहीत आहे.

श्रीरंग


दिल्ली, ४ एप्रिल १९८७

प्रिय सूर्यकांत,

हे पत्र उशीखाली ठेवण्याची तसदी घेऊ नकोस. यात बोलावणं नाही.

एकतीस तारखेला संध्याकाळी ऑफिस बंद झालं. शेवटचा तास मी आणि गिरिजा बसून होतो. तिला मी सांगितलं होतं, की कदाचित. ती परीक्षेचं वाचत होती, आणि पावलं वाजली की वर बघत होती. शेवटी म्हणाली, "सर, माझी बस." जिन्यात थांबून तिने वही उघडली आणि तुझ्या नावापुढची ती रिकामी रेघ मला दाखवली. "हे काय लिहू?" मी म्हणालो, राहू दे तशीच. ती म्हणाली, "परीक्षेत तो प्रश्न आला तर?" मी म्हणालो, येणार नाही, पेपर मीच काढलाय. त्यावर ती हसली. पुढच्या वर्षी पेपर नाही, हे तिला ठाऊक आहे. वडिलांची बदली बेळगावला झाली आहे. आईने खिळे मारलेच नव्हते, त्यामुळे आवराआवर लवकर होईल.

काल बैठक झाली.

मी नेहमीप्रमाणे दाराजवळ बसलो. पाठीला त्या खुर्चीची सवय झाली आहे. जिथे तिची पट्टी निघाली आहे तिथे टेकायचं नाही, हे आता आपोआप जमतं. तुझं पद मोकळं झाल्याचं हेडसाहेबांनी वाचून दाखवलं. एकजण म्हणाला, "भले आदमी थे." भूतकाळ आपल्या लोकांना लवकर येतो, सूर्यकांत. संस्कृतात त्याचे तीन प्रकार आहेत, इथे एकात भागतं.

मग प्रस्ताव आला. हेडसाहेबांनी समोरच्या टेबलाशी स्वतःच्या शेजारची खुर्ची मागे ओढली, माझ्याकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"अरे श्रीरंगजी, आप वहाँ कहाँ बैठे हैं? मित्र, ऊपर आइए."

शब्द न् शब्द तेच. त्यांनी तुझं शुभवर्तमान आयुष्यात उघडलेलं नाही. सगळ्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि दोघांनी टाळ्या वाजवल्या. इतकी वर्षं ज्या खुर्चीवर बसून तू हे ऐकण्याची वाट बघणं सोडलं होतंस, त्या खुर्चीवर ते ऐकलं मी.

गिरिजाच्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा मिळालं. यजमान येतो. जो सापडेल त्याला वर नेतो.

मी उठलो. न उठण्यासाठी जे लागतं ते मी पाठशाळेत शिकलो नाही. उठताना खिशातला रुमाल काढून खुर्चीवर ठेवला. का, ते विचारू नकोस. हात सवयीने गेला. पुढे जाऊन बसलो, प्रस्ताव वाचला, सही केली. तुझी खोली, तुझं पद, विभागाची नवी पाटी. कॉमर्सला काही मिळालं नाही, हे मी पुन्हा पुन्हा मनात म्हणत होतो.

चहा आला. पहिला कप माझ्यापुढे ठेवला. बिस्किटं होती, क्रीमचीसुद्धा.

तेवढ्यात एक नवा लेक्चरर उशिरा आला. दाराजवळची खुर्ची रिकामी दिसली, तिच्यावरचा रुमाल त्याने उचलला आणि बसला. मग पुढच्या माणसाच्या खांद्यावर टिचकी मारून तो त्याच्या हातात दिला. रुमाल हातोहात रांगांमधून पुढे आला. "सर, आपका रूमाल रह गया था."

मी थँक यू म्हणालो. चहा गरम होता. मिशीला लागलेला तेवढा त्या रुमालानेच पुसला.

तुझ्या कपाटाची किल्ली या पत्रासोबत पाठवतो आहे. कपाट आता तिथे नाही.

श्रीरंग